सात नंबरच्या पोटातला तीळ

आमच्या अतिदक्षता विभागात बारा खाटा आणि एक ताई. खाटांवरची माणसं बदलतात, ताई बदलत नाही.

ताई म्हणजे तिथली मुख्य सिस्टर आणि माझी सख्खी थोरली बहीण. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी तिला सगळ्यांसमोर ‘ताई’ अशी हाक मारली आणि तिने सगळ्यांसमोर मला असं झापलं की पुढचे आठ दिवस मी मागच्या जिन्याने ये-जा करत होतो. तेव्हापासून कामावर सिस्टर, घरी ताई. मी दुर्बीणवाला. तोंडातून पोटात घालायची ती लांब काळी दुर्बीण, तिचा पडदा, तिचा दिवा, तिची धुणी-पुसणी आणि हे सगळं वाहून नेणारी गाडी माझ्या ताब्यात. पोटाचे डॉक्टर दुर्बीण आत सारतात आणि मी पेशंटच्या कानाशी ‘काही होत नाही’ असं धडधडीत खोटं सांगतो.

ताईचा सगळा जीव लोकांच्या पोटात. नातेवाइकांना ती दोन वाजता बाकावरून उठवून जेवायला हाकलते. पेशंटच्या नाकातल्या नळीतून पातळ अन्न जायची वेळ पाच मिनिटं चुकली तर ज्युनिअर सिस्टरची धडगत नसते. आणि स्वतः? गुडघेदुखीच्या गोळ्या, काळा चहा आणि तिळाची बिस्किटं, तीही मिळाली तर. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी कितीदा तरी बोललो. ती म्हणायची, तू तुझी गाडी ढकल.

पोटाच्या डॉक्टरांना त्या दिवसांत एक वेड लागलं होतं. श्वासाच्या मशीनवर असलेल्या माणसाचं पोट आतून कसं बदलतं, हे त्यांना शोधायचं होतं. मी विचारलं नाही तरी ते मला समजावून सांगायचे. शरीरावर मोठं संकट आलं की रक्त मेंदूकडे आणि काळजाकडे धावतं, पोटाकडे कोणी बघत नाही. घरात दुखणं आलं की पहिली आबाळ स्वयंपाकघराची होते, तसंच. मग पोटाचं आतलं अस्तर नाजूक होतं, त्यावर लाल ठिपके उठतात, ओरखडे पडतात, कधी रक्त झिरपायला लागतं. पेशंटच्या घशात नळी, तो बिचारा कुणाला सांगणार? म्हणून रोज सकाळी सहाला मशीनवरच्या प्रत्येकाच्या नाकातल्या नळीतून पोटातलं थोडं पाणी सिरिंजने ओढायचं, बाटलीत भरायचं, खाटेला अडकवलेल्या, पेशंटच्या नावाच्या स्टिकरांपैकी एक बाटलीवर चिकटवायचा आणि खालच्या मजल्यावर तपासणीला पाठवायचं. आत रक्त आहे का, आंबटपणा किती, हे सगळं डॉक्टरांच्या हिरव्या वहीत उतरायचं.

सात नंबरवर टेलर मास्तर होते. न्यूमोनिया बिघडून आलेले, मशीनवर नववा दिवस. हिरव्या वहीतलं सगळ्यात कंटाळवाणं पोट त्यांचं. एक थेंब रक्त नाही. डॉक्टर म्हणायचे, ही आमच्या आंबटपणा मारणाऱ्या इंजेक्शनची किमया. ताई म्हणायची, मी पहिल्या दिवसापासून नळीतून जेवू घातलं म्हणून. मास्तरांची बायको म्हणायची, चाळीस वर्षं ह्यांना मीच रांधून घालतेय. श्रेय घ्यायला तिघंही पुढे आणि मास्तर आपले डोळे मिटून पडलेले. आता ते बरेच सुधारले होते, गुंगीचं औषध कमी केल्याने टक्क जागेही असायचे. त्या दिवशी अकरा वाजता त्यांच्या घशातली नळी काढायची ठरलं होतं. बायको सकाळपासून त्यांचा चष्मा पुसून पुसून डबीत ठेवत होती.

दहा वाजता मला फोन आला, दुर्बीण घेऊन ताबडतोब वर या, सात नंबर.

वर गेलो तर डॉक्टरांच्या चेहऱ्यावर काळजी होती आणि काळजीच्या आड थोडा आनंदही होता, तो त्यांना काही केल्या लपवता येत नव्हता. मास्तरांचा सहाचा नमुना नेहमीसारखा स्वच्छ. पण सात वाजता आणखी एक नमुना खाली गेला होता, त्यात भरपूर रक्त आणि आंबटपणा तर असा की इंजेक्शन जणू दिलंच नाही. तासाभरात एवढा फरक! डॉक्टरांनी वहीत त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या. नळी काढणं रद्द. नाकातून जाणारं अन्न बंद. दुर्बीण घालून बघायचं.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण खालच्या तपासणीवाल्या बाई भलत्या चौकस. त्यांनी त्या नमुन्याचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला होता. त्यांचा निरोप डॉक्टरांनी मोठ्याने वाचून दाखवला: पिठाचे कण आणि एक अख्खा तीळ.

मग डॉक्टर मास्तरांच्या बायकोकडे वळले. नातेवाईक प्रेमापोटी काय काय करतात ते त्यांनी पाहिलं होतं. कुणी नळीतून मध सोडला होता, कुणी काढा. त्यांनी विचारलं, बिस्किट कालवून नळीत कुणी घातलं? बाईंना आधी काही कळेना. कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, “डॉक्टर, मला बिस्किट द्यायचं असतं तर आज नळी निघाल्यावर तोंडाने दिलं असतं. नऊ दिवस मी ह्यांच्या नखाला हात लावताना तुम्हाला विचारते.” डॉक्टरांनी ऐकून घेतलं नाही. भेट बंद. वॉचमन बाईंना बाहेरच्या बाकावर घेऊन गेला.

तोवर मला आतून हसू येत होतं, खोटं कशाला सांगू. तीळ म्हटल्याबरोबर मला उलगडा झाला होता. आमच्या अख्ख्या इमारतीत तिळाची बिस्किटं एकच बाई खाते आणि तिला ती दर सोमवारी आणून देतो मी. पण मास्तरांची बायको चष्म्याची डबी छातीशी धरून दाराबाहेर गेली आणि माझं हसू जागीच जिरलं. मी ताईकडे पाहिलं. ती चार नंबरच्या सलाईनचे थेंब मोजत होती. ते सलाईन बंद होतं.

मी तिला हलकेच म्हटलं, सिस्टर, मला चादर हवी आहे. ती माझ्यामागून चादरींच्या खोलीत आली आणि गठ्ठ्यावर बसली. मी दार लावलं.

तिने सगळं सांगितलं. पावणेसातला तिला मळमळलं, ती बाथरूममध्ये गेली आणि ओकली. काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखे कण. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या नळ्यांतून तिने हेच ओढून काढलं होतं, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. तरी मनाची समजूत घालत राहिली की चहा असेल, बिस्किट असेल. खात्री करायची होती, पण स्वतःच्या नावाने बाटली खाली पाठवली असती तर दहाच्या आत सगळ्या इमारतीला कळलं असतं. “आणि सगळ्यात आधी तुला,” ती म्हणाली. “तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही.” म्हणून तिने मास्तरांच्या उरलेल्या स्टिकरांतला एक लावला. त्यांचा खरा नमुना आधीच गेला होता. दुसरा रिपोर्ट तिच्याच टेबलावर येणार, तो ती खिशात घालणार, कानोकान खबर नाही.

पण रक्त सापडलं की रिपोर्टची वाट न बघता थेट डॉक्टरांना फोन करायचा, असा नियम खालच्या मजल्यावर आठवड्यापूर्वीच सुरू झाला होता. तो नियम व्हावा म्हणून वरपर्यंत भांडलेली बाई कोण, तर ताईच. सगळ्या नमुन्यांचं तिला ध्यानात होतं, स्वतःचा नमुना पाठवताना नेमकं विसरली.

मी म्हणालो, हे तुला शोभतं का? खरं तर मला आणखी बरंच बोलायचं होतं. इतक्या वर्षांची उधारी होती. पण तिने मान खाली घातली.

“आईचं असंच सुरू झालं होतं,” ती म्हणाली.

आमच्या आईने पोटाचं दुखणं सात महिने लपवलं. डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा पोटात गाठ होती आणि हातात काही उरलं नव्हतं. मी चौदा वर्षांचा होतो, ताई बावीसची. शेवटचे दिवस तिने एकटीने काढले, मला चेंडू घेऊन बाहेर पाठवायची.

“मला भीती वाटतेय रे,” ती म्हणाली.

हे वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. काय करायचं असतं अशा वेळी ते मला माहीत नव्हतं. मग तीच घाईघाईने बोलायला लागली. तू दुर्बीण लाव, डॉक्टर आत बघतील, मास्तरांचं पोट चांगलंच निघेल, खालच्यांची काही चूक झाली म्हणून सोडून देतील. कुणाचं काही जाणार नाही. माझं मी बघते नंतर.

“कधी?” मी विचारलं.

ती उठायला लागली. मी म्हणालो, मास्तरांची नळी आज निघणार नाही, ते उपाशी राहणार, वर घशात मशीनची नळी असताना आणखी ही दुर्बीण. आणि त्या बाई बाकावर बसल्यात, चोर ठरून. ती म्हणाली, मला शिकवू नकोस, मला कळतं. मग तिने डोळे पुसायला घडी घातलेली स्वच्छ चादर घेतली, यावरूनच मला समजलं की प्रकरण गंभीर आहे. ज्युनिअर सिस्टरने असं केलं असतं तर तिला आठवडाभर चादरी मोजायला लावल्या असत्या.

“वीस मिनिटं देतो,” मी म्हणालो. “दुर्बिणीचा दिवा कधी कधी लागत नाही.”

बाहेर येऊन मी दिवा घालवला. चांगला लखलखता दिवा काढला, फुंकर मारली, पुसला, उजेडाकडे धरून मान हलवली, परत लावला, परत काढला. डॉक्टर येरझारा घालत होते. मी म्हणालो, साहेब, दगा देतोय. त्यांनी दुसरा आणायला सांगितलं. मी खाली जाऊन दुसरा आणला आणि तो बसत नाही असं दाखवायला लागलो. इतकं मन लावून मी आयुष्यात खरं काम केलं नसेल. डॉक्टरांना काही कळलं नाही, पण खाटेवरून टेलर मास्तर माझ्याकडे एकटक बघत होते. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना ‘उद्या नक्की’ सांगितलेला माणूस तो. दुसऱ्याची टाळाटाळ त्याला पहिल्या टाक्याला कळते. त्यांनी एक भुवई वर केली. मी नजर चुकवली.

सतरा मिनिटं झाली तेव्हा ताई आली. तोंड धुतलेलं, केस नीट. तिने वॉचमनला सांगितलं, सात नंबरच्या बाईंना आत बोलव. डॉक्टर म्हणाले, भेट बंद आहे. ती म्हणाली, दोन मिनिटं, माझ्या जबाबदारीवर. बाई आल्या, दारातच थांबल्या.

“सात वाजताचा नमुना ह्यांच्या मालकांचा नाही,” ताई म्हणाली. “माझा आहे. मी सकाळी ओकले, ते बाटलीत भरलं आणि मास्तरांचा स्टिकर लावला. बिस्किट मी खाल्लं होतं. ह्यांनी काही केलेलं नाही.”

विभागात नुसती मशीनं श्वास घेत होती. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. ते ओरडणारे नाहीत, पण त्यांनी विचारलं, “सिस्टर, हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?”

“आजच्या आज घरी पाठवलं असतं.”

डॉक्टरांनी हिरवी वही उघडली आणि दोन रेघांची ती लाडकी ओळ खोडली. खोडताना त्यांना किती यातना झाल्या ते मला दिसलं. मग वही मिटून त्यांनी एकामागून एक विचारायला सुरुवात केली: किती दिवस मळमळतंय, गुडघ्याच्या गोळ्या दिवसाला किती, शेवटचं जेवण कधी. ताई उत्तरं देत गेली आणि प्रत्येक उत्तराबरोबर तिचा आवाज बारीक होत गेला. शेवटच्या प्रश्नाला ती म्हणाली, काल संध्याकाळी एक बिस्किट.

“एक?” दारातून मास्तरांची बायको म्हणाली. “आणि मला रोज दोन वाजता ‘जेवून या’ म्हणून हाकलता?” त्या रागावलेल्या होत्या, आणि त्यांना तसा हक्कही होता. पण पुढे येऊन त्यांनी ताईचा दंड धरला आणि तिला खुर्चीवर बसवलं.

ताई म्हणाली, ड्युटी संपली की दाखवते. डॉक्टर म्हणाले, गाडी आलीच आहे, आत्ताच. आणि माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “दिवा लागतोय का?”

“लागला, साहेब. आत्ताच.”

शेजारच्या छोट्या खोलीत ताईला कुशीवर झोपवलं. मी तिच्या कानाशी वाकलो आणि सवयीने म्हणालो, काही होत नाही. घशात बधिर करायचा फवारा मारलेला, त्यामुळे जीभ जड. तरी ती म्हणाली, खोटं बोलू नकोस. मग तिने माझं मनगट धरलं. नखांच्या खुणा पुढे चार दिवस होत्या.

पडद्यावर तिचं पोट दिसायला लागलं. मी हजारो पोटं पाहिली आहेत, पण घरातलं पहिल्यांदाच. जागोजागी लाल ठिपके, ओरखडे. डॉक्टर हळूच म्हणाले, हे तर माझ्या मशीनवरच्या पेशंटांसारखं दिसतंय, आणि ह्या तर चालत्या-बोलत्या आहेत. दुर्बीण आणखी पुढे गेली आणि खालच्या तोंडाशी तो दिसला. शर्टाच्या बटणाएवढा व्रण, वर काळी गुठळी. डॉक्टरांनी तिथे औषध टोचलं, रक्त थांबल्याची खात्री केली आणि मग बराच वेळ त्या व्रणाच्या कडा न्याहाळत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ते काही बोलले नाहीत. कडेचे चार बारीक तुकडे काढून त्यांनी बाटलीत टाकले आणि म्हणाले, पाच दिवस लागतील. ताईच्या नावाचा छापील स्टिकर कुठला असायला? मी कोरा घेतला आणि हाताने नाव लिहिलं.

मास्तरांची नळी त्या दिवशी अकराच्या ऐवजी चारला निघाली. बायकोने चष्मा चढवला. घसा बसलेला, शब्द फुटेना, त्या कान तोंडाशी नेऊन ऐकत राहिल्या आणि मग बुचकळ्यात पडून मला म्हणाल्या, “हे म्हणतात, दिवा चांगला होता. काही कळतं का तुम्हाला?” मी म्हणालो, औषधाची गुंगी असेल.

ताईला वरून ताकीदपत्र मिळालं आणि खालच्या वॉर्डात खाट मिळाली. तिच्याइतका वाईट पेशंट त्या वॉर्डाने पाहिला नसेल. तिने पहिल्याच दिवशी सलाईनचा वेग बदलला, दुसऱ्या दिवशी शेजारणीला पथ्य लावून दिलं, तिसऱ्या दिवशी तिथल्या सिस्टर मला जिन्यात गाठून म्हणाल्या, घरी घेऊन जा. पण मी रात्रपाळीच्या बायकांकडून ऐकलं होतं की ती झोपत नाही, नुसती छताकडे बघत पडते. मीही झोपत नव्हतो. तिला काही झालं तर मला या जगात दटावणारं कोणी उरणार नव्हतं, एवढाच विचार डोक्यात.

पाचव्या दिवशी दुपारी रिपोर्ट आला. साधा व्रण. गोळ्यांमुळे, रिकाम्या पोटामुळे. गाठ नाही, तसलं काही नाही. मी तो जिन्यात उभा राहून वाचला, मग बसून वाचला, मग धावत वॉर्डात गेलो.

ताईने चष्मा लावून तो सावकाश वाचला. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना.

“हा माझाच कशावरून?” तिने विचारलं.

मी म्हणालो, नाव आहे की वर. ती म्हणाली, नावाचं काय सांगतोस. सात नंबरच्या बाटलीवर पण नाव होतं. मास्तरांच्या बायकोला त्या नावाने बाहेर काढलं होतं. स्टिकर कोणी लावला? मी म्हणालो, मी. ती म्हणाली, माझ्यासमोर? मी म्हणालो, तुझ्या घशात दुर्बीण होती, तू डोळे मिटले होतेस. तिने रिपोर्ट उशीवर ठेवून दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. चांगली बातमी हातात होती आणि ती घ्यायची हिंमत तिच्यात नव्हती. दोष कुणाला द्यायचा? तिलाच ठाऊक होतं की स्टिकर कुणाचाही कुणावरही बसतो.

मी खाली गेलो. तपासणीवाल्या बाईंच्या हातापाया पडून ती बाटली मागितली. नियमात बसत नाही, म्हणाल्या. मी हलेना. शेवटी त्यांनी ती रिकामी करून, धुऊन, दोन तासांच्या बोलीवर दिली.

वर येऊन मी ती ताईच्या हातात ठेवली. तिने ती डोळ्यांजवळ धरली. तिचं नाव, वाकडंतिकडं, शेवटची दोन अक्षरं शाई पसरून एकमेकांत मिसळलेली.

“हे काय अक्षर?” ती म्हणाली. “आणि हे ओलं कशाने झालं?”

“रडत होतो,” मी म्हणालो. “तुझं पोट पडद्यावर होतं आणि डॉक्टर काही बोलत नव्हते.”

तिने अंगठ्याने ती पसरलेली अक्षरं दोनदा चाचपली. आईच्या वेळी न रडलेली माझी बहीण तोंडावर पदर नाही म्हणून पांघरूण ओढून घेऊन रडली आणि मी तिच्या पायांशी बसून राहिलो. रडता रडता तिला झोप लागली, पाच दिवसांत पहिल्यांदाच. बाटली मुठीत तशीच होती. खालच्या बाईंचे बाटलीसाठी तीन फोन आले. मी एकही घेतला नाही.